उत्तम जॉबर म्हणजे उत्तम प्रशिक्षक? कामावर शिकवणाऱ्याला नेमकं काय काय यायला हवं

उभा_आडवा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत टेरी टॉवेलच्या एका कारखान्यात नव्या कामगारांना मागावर तयार करायची व्यवस्था मी पाहतो. बऱ्याच दिवसांपासून एक विषय डोक्यात आहे. इथे यंत्रमाग, गारमेंट, दवाखाना, वर्कशॉप अशा सगळ्या ठिकाणचे लोक आहेत, म्हणून इथेच मांडतो.

आपल्याकडे प्रशिक्षक कसा नेमतात? ज्याचा माग सगळ्यात कमी बंद पडतो, ज्याच्या कापडात खोट निघत नाही, त्या जॉबरला (माग लावून देणाऱ्या, चालू ठेवणाऱ्या अनुभवी कारागिराला) मालक बोलावतात आणि म्हणतात, "अण्णा, उद्यापासून ही चार पोरं तुमच्याकडे." काम येतं म्हणजे शिकवताही येणारच, असं सगळे धरून चालतात. माझं म्हणणं असं की काम येणं आणि काम शिकवता येणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत. दुसरं कौशल्य आपण कधी तपासत नाही आणि कधी शिकवतही नाही.

आमच्याकडचंच उदाहरण घ्या. टॉवेलच्या मागावर ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, दोन बीम (धागा गुंडाळलेले रूळ) असतात, एक जमिनीचा, म्हणजे कापडाच्या पायाचा, आणि एक लूपचा. जमिनीचा ताणा घट्ट, लूपचा सैल. तीन पिकाच्या, म्हणजे तीन आडव्या धाग्यांमागे एक लूप घेणाऱ्या, टॉवेलात पहिल्या दोन धाग्यांना फणी (आडवा धागा ठोकून बसवणारी चौकट) पूर्ण ठोकत नाही, थोडं अंतर राखते. तिसऱ्याला पूर्ण ठोका बसतो, तिन्ही धागे एकदम पुढे सरकतात आणि सैल ताण्याचा लूप उभा राहतो. चांगला जॉबर कापडावरून नुसता तळवा फिरवतो आणि सांगतो की लूपच्या बीमचा ताण वाढलाय. पण "अण्णा, कसं कळलं?" असं पोरानं विचारलं की उत्तर येतं, "हाताला कळतं. तुलाही कळेल." ते उत्तर खरंच आहे. मायकेल पोलान्यी या विचारवंतानं १९६६ मध्ये हेच मांडलं होतं की माणसाला जेवढं सांगता येतं त्यापेक्षा जास्त माहीत असतं. पण त्या पोराच्या हाती काय लागलं? प्रशिक्षकानं तिथे पोराचा हात धरायचा असतो. आधी चांगल्या तुकड्यावर, मग बिघडलेल्या तुकड्यावर, मग डोळे मिटून दोन्हींवर फिरवायला लावायचा आणि फरक त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचा. तुमचं विणकाम कितीही सुंदर असलं तरी हे करणं त्यातून आपोआप येत नाही.

या बाबतीत जर्मनीतली पद्धत मला फार पटते. तिथे उमेदवारी करणाऱ्या मुलांना कारखान्यात शिकवायचं तर कारागीर असणं पुरत नाही, शिकवण्याची पात्रता वेगळी सिद्ध करावी लागते. १९६९ च्या व्यवसाय-शिक्षण कायद्यावर ही व्यवस्था उभी आहे आणि प्रशिक्षकांच्या पात्रतेचा नियम १९७२ पासूनचा. लेखी परीक्षेबरोबर प्रात्यक्षिकही असतं. शिकवण्याचा एक प्रसंग मांडून दाखवायचा आणि त्यावर परीक्षकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची, सगळं मिळून फार तर अर्धा तास. जास्त कंपन्यांनी उमेदवार घ्यावेत म्हणून २००३ मध्ये ही अट स्थगित केली होती, २००९ मध्ये ती परत लागू केली. माझ्या दृष्टीनं हे परत लागू करणंच सगळ्यात बोलकं आहे.

तिकडे व्यावसायिकाच्या क्षमतेकडे साधारण चार अंगांनी पाहतात. कामाचं ज्ञान आणि कसब, पद्धतीची जाण, माणसांशी वागण्याची क्षमता, आणि स्वतःची घडण, म्हणजे जबाबदारी, संयम, स्वतःच्या मर्यादांचं भान. प्रशिक्षकाला चारही लागतात आणि तीही दुहेरी लागतात, कारण ती स्वतःत हवीत आणि शिकणाऱ्यातही उतरवायची असतात. आपण फक्त पहिलं अंग पाहून माणूस नेमतो. दुसरं, म्हणजे पद्धत, हे सगळ्यात दुर्लक्षित आहे. खरं तर शिकवून येण्यासारखं तेच सगळ्यात जास्त आहे, म्हणून माझा भर त्यावर.

तुमच्या कामाच्या जागी शिकवणारे कसे निवडतात? त्यांच्याकडे काय असायला हवं असं वाटतं?

आयटीआय_निदेशक

चांगला धागा. निम्मा सहमत.

आमच्याकडे शिल्प निदेशकांसाठी, म्हणजे आयटीआयत ट्रेड शिकवणाऱ्यांसाठी, वेगळा प्रशिक्षण अभ्यासक्रम आहे. ट्रेडच्या तंत्राबरोबर शिकवण्याची पद्धत हा त्यात स्वतंत्र विषय असतो. पाठाचा आराखडा, प्रात्यक्षिकाचा आराखडा, फळ्याचा वापर, मूल्यमापन, सगळं शिकवतात. तेव्हा आपल्याकडे काहीच नाही असं नाही. पण ते संस्थेतल्या निदेशकापुरतं राहिलं. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली पोरगा कारखान्यात जातो, तिथे त्याला प्रत्यक्ष शिकवणाऱ्या फोरमननं पाठाचा आराखडा बघितलेलाही नसतो.

आता उरलेला निम्मा. पद्धत शिकलेला निदेशक दहा-पंधरा वर्षं वर्कशॉपबाहेर पडला नाही तर त्याचं पहिलं अंग गंजतं. मुलांना ते लगेच कळतं. ज्या मशिनवर आम्ही शिकवतो ती मशिन बाहेर राहिलेली नाहीत, असं कितीतरी ट्रेडमध्ये आहे. मग पद्धत उत्तम, आराखडा उत्तम, आणि शिकवलेलं काम कारखान्यात सापडत नाही. म्हणून मी पहिल्या अंगाला पहिलाच नंबर देईन.

उभा_आडवा

मान्य. कामाच्या ज्ञानाशिवाय पद्धत पोकळ आहे, त्यावर वाद नाही. माझा मुद्दा निवडीच्या वेळचा आहे. आपण पहिलं अंग बघतो आणि तिथेच थांबतो.

अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये शिक्षकांबद्दल एक गोष्ट मांडली, ती इथेही लागू पडते. विषयाचं ज्ञान वेगळं, शिकवण्याचं सर्वसाधारण तंत्र वेगळं, आणि 'हाच विषय शिकवताना नवशिका नेमका कुठे अडतो' याचं ज्ञान तिसरं. मागावर नवा मुलगा हमखास कुठे चुकतो हे ज्याला माहीत आहे आणि तिथे तो आधीच थांबतो, तो प्रशिक्षक. हे तिसरं ज्ञान तुमच्या वर्गात तयार होत नाही आणि आमच्या जॉबरच्या डोक्यात असूनही बाहेर येत नाही.

वॉर्ड_सिस्टर

मी शहरातल्या एका रुग्णालयात आहे. नव्या मुलींना वॉर्डात तयार करायचं काम माझ्याकडे असतं.

आमच्यात एक चांगली रीत आहे. आधी मी करून दाखवते, मग ती मला करून दाखवते. रिटर्न डेमॉन्स्ट्रेशन म्हणतो आम्ही त्याला. 'समजलं का?' हा प्रश्न मी विचारतच नाही, कारण उत्तर कायम 'हो सिस्टर' असंच येतं. कॅथेटर घालताना तिचा निर्जंतुक हात नेमका कुठे लागला, सलाइन लावताना नळीतली हवा तिनं काढली का, हे मी पाहते आणि मगच वहीत सही करते. न पाहता सही करायची नाही, हा माझा नियम.

पण मला तिसऱ्या अंगाबद्दल बोलायचंय. मंगळवेढ्याहून, अक्कलकोटहून, सांगोल्याहून आलेली मुलगी पहिल्यांदा आयसीयूत उभी असते तेव्हा तिला सगळ्यात जास्त भीती मशिनची नसते, माझी असते. ती भीती गेली नाही तर ती चूक लपवते, आणि आमच्याकडे लपवलेली चूक पेशंटच्या जिवावर येते. चुकीचा डोस भरला गेला आणि मुलगी धावत येऊन म्हणाली, "सिस्टर, माझ्याकडून असं झालं," तर तिथे आधी पेशंट बघायचा, मग तिला शांतपणे विचारायचं की कुठे गडबड झाली. त्या वेळी चारचौघांत तिला झापलं तर पुढच्या वेळी कुणीच येणार नाही. पद्धत कागदावरून शिकता येते. हे वागणं येत नसेल तर त्या माणसाला शिकवायला ठेवूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पूर्वभागकर

आमच्या घरात तीन पिढ्या मागावर. आजोबा जुन्या मिलमध्ये होते, वडिलांनी पुढे घरातच चार माग टाकले. कुणी आराखडा केला नाही, कुणी परीक्षा घेतली नाही. आई कांड्या (आडव्या धाग्याच्या) भरायची, आम्ही शाळेतून आलो की शेजारी बसायचो. सोलापुरी चादरीला जीआय (भौगोलिक ओळखीचं) मानांकन मिळालं ते याच हातांच्या जोरावर की ओ. एवढं सगळं नसतानाही माणसं तयार झालीच ना? उगाच साधी गोष्ट अवघड कशाला करायची?

उभा_आडवा

पूर्वभागकर, त्या शिकण्याबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि ते साधं होतं असं मला मुळीच वाटत नाही. त्यात चारही अंगं होती. शिकवणारे आई-वडील होते म्हणून धीर होता. शिकवणं घरच्या तेलुगूत होतं. आधी कांडी, मग धागा जोडणं, मग चालता माग सांभाळणं असा क्रम होता, तो कुणी लिहिला नव्हता एवढंच. आणि हाताशी वर्षं होती.

आज माझ्याकडे येणारा मुलगा कधी उत्तर सोलापूरच्या खेड्यातला असतो, कधी दुसऱ्या राज्यातला. त्यानं माग पाहिलेला नसतो. महिनाभरात तो मागावर एकटा उभा राहावा अशी कारखान्याची अपेक्षा असते. तुमच्या आईनं वर्षांमध्ये पसरून दिलेलं मला आठवड्यांत बसवायचंय. ते आपोआप होणार नाही, क्रम मांडूनच करावं लागणार.

पूर्वभागकर

हे पटलं. आणि भाषेचं म्हणालात ते फार खरं आहे. आमच्या भागात जुने जॉबर तेलुगूत विचार करतात. मराठीत सांगायला लागले की निम्मं सांगतात. समोरचा पोरगा कन्नड बोलणारा असला तर त्यातलंही निम्मं पोचतं. मग तेलुगूतलं 'चूडु' आणि कन्नडमधलं 'नोडु' यावरच भागतं, दोन्हींचा अर्थ 'बघ'. बघ आणि कर.

गणवेश_उद्योग

मी शाळेचे गणवेश शिवते, युनिट छोटं आहे, बायकाच जास्त. सगळे क्षमतेबद्दल बोलताहेत, पैशाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते.

आमच्याकडे पीस रेट आहे, जेवढे नग तेवढी मजुरी. माझी सगळ्यात चांगली कॉलर लावणारी बाई नव्या मुलीला शिकवायला बसली की तिचे त्या दिवसाचे नग कमी होतात, म्हणजे तिच्या घरात पैसे कमी जातात. वर मुलगी तयार झाली की तीच तिची स्पर्धक. मग ती का शिकवेल? वरवर शिकवते, खरी खुबी हातात ठेवते, आणि तिचं चुकतं असं मला म्हणता येत नाही. आपण त्याला 'वृत्ती नाही', 'संयम नाही' अशी नावं देतो. संयमाला पैसे लागतात, साहेब.

आता मी शिकवायच्या दिवसांत तिला तिच्या नेहमीच्या सरासरीएवढी मजुरी ठरवून देते, नग कितीही होवोत. मुलगी स्वतंत्र काम करायला लागली की तिला वेगळी रक्कम देते. तेव्हापासून शिकवण्यात फरक दिसतो. कॉलरचं टोक उलटवताना कापड आतून किती कातरायचं, हे आता ती आपणहून सांगते.

उभा_आडवा

ताई, हा मुद्दा मूळ लेखात यायला हवा होता. क्षमता माणसात असली तरी ती वापरायला जागा आणि मोबदला व्यवस्थेनं द्यायचा असतो. आमच्याकडे जॉबरला पगार आहे, पण शिकवण्याच्या वेळात त्याच्या नावावरचे माग बंद पडले तर बोलणी त्यालाच बसतात. परिणाम तोच.

एचआर_होटगी_रोड

ट्रेनिंग मोजायचं कसं, यावर थोडं.

प्रशिक्षणाचं मूल्यमापन करायला डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकन प्राध्यापकांनी १९५९ मध्ये चार पायऱ्या मांडल्या. शिकणाऱ्याला कसं वाटलं, तो काय शिकला, कामावर त्याचं वागणं बदललं का, आणि संस्थेला फळ काय मिळालं. बहुतेक ठिकाणी पहिली पायरी मोजतात आणि फाइल बंद. हजेरीवर सह्या, फीडबॅक फॉर्मवर 'उत्तम', चहा, ग्रुप फोटो. ऑडिटला तेवढं चालतं. मुलगा मागावर गेल्यावर दोन महिन्यांनी काय करतोय हे पाहायला कुणी जात नाही. खरा प्रशिक्षक ओळखायचा तर तिसऱ्या पायरीवर. तो स्वतः होऊन शॉप फ्लोअरवर परत जातो का, ते बघा.

क्षमता हा विषय व्यवस्थापनात आला तोही याच कारणानं. १९७३ मध्ये मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी लिहिलं की बुद्धिमत्ता चाचणीचे गुण पाहण्यापेक्षा प्रत्यक्ष कामात चांगलं करणारे काय वेगळं करतात ते तपासा. आम्ही मात्र प्रशिक्षक नेमताना अजून पदवी आणि बोलण्याची सफाई बघतो. पीपीटी चांगली करतो म्हणून नेमलेला माणूस मी पाहिलाय. त्याला मागाजवळ उभं राहायचीसुद्धा सवय नव्हती.

सेफ्टीवाला

वीजप्रकल्पावर ठेकेदाराकडे सेफ्टीचं ट्रेनिंग घेतो. चौथ्या अंगाबद्दल कुणी लिहिलं नाही.

आमच्याकडे नव्या माणसाला सांगतात की दुरुस्तीआधी पुरवठा बंद करायचा, स्विचला स्वतःचं कुलूप लावायचं, टॅग अडकवायचा, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची आणि मग तपासून बघायचं की खरंच बंद आहे. सांगायला पाच मिनिटं लागतात. दुपारी तोच सांगणारा घाईत कुलूप न लावता पॅनल उघडतो आणि सकाळचं सगळं पुसलं जातं. पोरं कान बंद ठेवतील, डोळे उघडेच असतात. प्रशिक्षक दिवसभर शिकवतच असतो, वर्गात असो नसो. त्यामुळे शिस्त अंगात नसलेल्या माणसाला कितीही पद्धती शिकवल्या तरी उपयोग नाही.

आणि दुसरं, "मला माहीत नाही, विचारून सांगतो" असं शिष्यासमोर म्हणता आलं पाहिजे. आमच्या कामात अंदाजानं दिलेलं उत्तर जीव घेतं.

शिकाऊ_२४

मी सध्या शिकतोय, अक्कलकोट रोडला. शिकणाऱ्याच्या बाजूनं लिहितो.

माझ्या आधीच्या ठिकाणी जे शिकवायचे त्यांचा हात फार भारी. धागा तुटला की ते यायचे, सरसर जोडायचे, माग चालू करून निघून जायचे. मी बघत राहायचो. त्यांच्या मते मी शिकत होतो. आता जे अण्णा आहेत ते माग बंद ठेवून मला जोडायला लावतात, मागे हात बांधून उभे राहतात. मी फणीच्या चुकीच्या फटीतून धागा ओवला तर लगेच टोकत नाहीत, थोडं कापड विणू देतात आणि मग विचारतात, "इथे काय दिसतंय?" उभी रेघ पडलेली असते. ती रेघ मी आता लांबूनही ओळखतो. हात मागे बांधून उभं राहणं हीच मोठी क्षमता आहे असं मला वाटतं. त्यांना ते किती जड जात असेल ते चेहऱ्यावर दिसतं.

वॉर्ड_सिस्टर

शिकाऊ_२४, फार छान लिहिलंस. फक्त आमच्याकडे चूक 'पूर्ण होऊ देणं' मॉडेलवरच (सरावाच्या पुतळ्यावर) चालतं, पेशंटवर नाही. कुठली चूक होऊ द्यायची आणि कुठे हात धरायचाच, हे ठरवता येणं हीसुद्धा शिकवणाऱ्याची जाण.

गणवेश_उद्योग

उभा_आडवा, पद्धत शिकवून येते म्हणालात. मग माझ्या कॉलरवाल्या बाईला मी ती कशी शिकवू? ती सातवी शिकलेली आहे, आराखडे वगैरे लिहिणार नाही.

उभा_आडवा

लिहायची गरजच नाही ताई. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत कारखान्यांतले अनुभवी लोक सैन्यात गेले आणि कधी मशिन न पाहिलेली माणसं, त्यात पुष्कळ बायका, कामाला आल्या. तेव्हा फोरमन लोकांना शिकवायला शिकवण्यासाठी त्यांनी एक छोटा कार्यक्रम काढला. दोन-दोन तासांच्या पाच बैठका, बस. चार टप्पे होते. शिकणाऱ्याला तयार करा, करून दाखवा, करून घ्या, मागोवा घ्या. युद्धानंतर जपानी कारखान्यांनी हीच पद्धत उचलली, टोयोटानंसुद्धा. त्यांचं एक ब्रीद होतं की कामगार शिकला नसेल तर शिकवणाऱ्यानं शिकवलेलं नाही.

त्यातलं सगळ्यात उपयोगी म्हणजे काम फोडणं. प्रत्येक पायरीला तीन गोष्टी: काय करायचं, त्यात जपायचं काय, आणि का. तुटलेला ताणा जोडण्याचं आमच्याकडे असं फोडलंय. माग थांबला की आधी तुटलेलं टोक शोधायचं. ते ड्रॉप पिनमधून (धागा तुटला की माग थांबवणारी पट्टी), मग वहीच्या डोळ्यातून (वही म्हणजे उभे धागे वर-खाली करणारी चौकट) ओवायचं. जपायचं हे की शेजारच्या धाग्याशी पीळ पडू द्यायचा नाही, कारण पीळ राहिला तर दोन्ही पुन्हा तुटतात. मग फणीच्या बरोबर फटीतून काढायचं. जपायचं हे की रिकामी फट डोळ्यांनी पाहूनच ओवायचं, अंदाजानं नाही, कारण फट चुकली की कापडात उभी रेघ पडते, तीच जी शिकाऊनं वर सांगितली. गाठ बारीक मारायची आणि शेपूट कापायचं, कारण लांब शेपूट शेजारच्या धाग्यात अडकतं.

हे कुणी लिहिलं? जॉबर अण्णांनी काम केलं, मी शेजारी उभा राहून प्रत्येक हालचालीला "हे का?" विचारलं आणि त्यांचं उत्तर मी लिहिलं. तेलुगूत आलं तिथे दुसऱ्या कामगाराकडून समजून घेतलं. शेवटी कागद वाचून दाखवल्यावर अण्णा म्हणाले, "हे मी करतो होय? मग त्या पोरांना असंच सांगत जाऊ." त्यांची 'का' सांगायची सवय तिथून सुरू झाली.

तुम्हीही तसंच करा. बाईंनी कॉलर लावायची, तुम्ही विचारायचं आणि लिहायचं. एकाच कामापासून सुरुवात करा, सगळी शिलाई एकदम घेऊ नका.

आयटीआय_निदेशक

हे काम फोडणं आमच्या प्रात्यक्षिकाच्या आराखड्यातही आहे, फक्त 'का' हा रकाना आम्ही घाईत भरतो. उभा_आडवा, तुमच्या अण्णांना आमच्या मुलांसमोर दोन तास उभं करता येईल का? आणि बदल्यात आमचे एक निदेशक आठवडाभर तुमच्या मागांवर येऊन बसतील. आमचं पहिलं अंग ताजं होईल.

उभा_आडवा

आनंदानं. मालकांशी बोलून व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. फक्त अण्णांचा त्या दिवसाचा पगार आणि त्यांच्या नावावरचे माग दुसऱ्याकडे लावणं, हे आधी ठरवून घेऊ.

गणवेश_उद्योग

कॉलरचं फोडून झालं की इथेच टाकते. कफचं नंतर.